कोड ९९, इतर

एमपीएससीची दोन वर्षं वाया घालवून झाल्यावर घरात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती म्हणून मी तो सर्वेचा जॉब घेतला, खोटं कशाला बोला. समाजसेवा वगैरे डोक्यात काही नव्हतं. मित्राचा फोन आला की एक संस्था कोल्हापुरातल्या गरीब वस्त्यांमध्ये सर्वे करणार आहे, नागरी गरजांचं मूल्यमापन का कायसं नाव आहे, चार महिन्यांचं काम, फॉर्ममागं पैसे, पेट्रोल वेगळं, येतोस का. म्हणलं येतो. २०२३ ची दिवाळी नुकतीच झाली होती, काळम्मावाडीची थेट पाइपलाइन एकदाची आली म्हणून गावात जिकडं तिकडं तीच चर्चा, आणि मी गळ्यात ओळखपत्र अडकवून हातात टॅब घेऊन निघालो. संस्थेचं नाव लिहीत नाही आणि वस्तीचंही लिहीत नाही. जयंती नाल्याच्या काठाकाठानं गेलात तर अशा वस्त्या सापडतील, एवढं पुरे.

आधी दोन दिवस ट्रेनिंग झालं. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या, पन्नाशीच्या, आवाज बारीक पण माणूस खमकं. त्यांनी सांगितलं की संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट म्हणून शाखा आहे ती झोपडपट्टीतलं घर ओळखायला पाच गोष्टी बघते, चांगलं पाणी, संडास, पुरेशी जागा म्हणजे एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत, टिकाऊ बांधकाम, आणि कोण येऊन हुसकून लावणार नाही याची खात्री. यातली एक जरी नसली तरी ते घर त्यात धरायचं. मागनं एकजण म्हणाला, मॅडम मग आमचं शिवाजी पेठेतलं घर पण झोपडपट्टीच की, एका खोलीत पाच जण झोपतोय. सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, लिहून ठेव.

फॉर्ममध्ये चौसष्ट प्रश्न. प्रत्येकाला उत्तरांचे कोड, १, २, ३, ४, आणि यादीत न बसणाऱ्या उत्तराला शेवटी ९९, म्हणजे इतर. ९९ दाबलं की खाली एक रकाना उघडायचा, त्यात टाइप करायचं. मला तेव्हा वाटलं हा रकाना कशाला लागतोय.

पहिल्या दिवशी सकाळी अकराला वस्तीत पोचलो. अर्ध्या घरांना कुलपं. बाकीच्या घरांत म्हातारी माणसं नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले गडी. एका आजोबांनी माझ्याकडं, टॅबकडं, परत माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पुराचं पैसं द्याय आलाय का?" नाही म्हणल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला पण चहा पाजला. तसा माझ्या मनातला गरीब वस्तीचा जो काय अंदाज होता तो पहिल्या आठवड्यातच उलटापालटा झाला. बाहेरनं पत्र्याचं दिसणारं घर आतनं लख्ख, स्टीलची भांडी ओळीनं, फरशी अशी पुसलेली की चप्पल लांब काढावी. आणि शेजारच्या घरात तीन चुली.

हे चुलीचं प्रकरण सांगतो, कारण मोजणीची सगळी मेख तिथं आहे. सर्वेत कुटुंब म्हणजे काय तर जे एका चुलीवर जेवतात ते, जनगणनेतपण असंच धरतात. मी खडूनं दारावर नंबर टाकत चाललो होतो, एक दार एक नंबर. आमच्याबरोबर वस्तीतल्याच एक आशाताई होत्या, त्यांनी मला तिथंच थांबवलं. म्हणाल्या, "सर ह्या एका दारात तीन भाऊ हायत, तिघांची तोंडं तीन दिशेला, गॅस तीन." आत गेलो तर खरंच, दहा बाय बाराच्या खोलीत साडीचे पडदे लावून तीन संसार. दारं मोजली असती तर एक घर, चुली मोजल्या तर तीन, आणि संडासाचा, पाण्याचा सगळा हिशोब त्यावरच चालणार. त्या दिवशी मी मागची चाळीसेक दारं परत फिरलो. पाय गेले कामातनं.

वस्तीच्या मागं नाल्याला लागून झोपड्यांची अजून एक ओळ होती, तीसेक असतील. आमच्या यादीत ती नव्हतीच. मी मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, २०११ च्या जनगणनेत झोपडपट्टी म्हणायला निदान तीनशे माणसं किंवा साठ-सत्तर घरं सलग लागायची, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणवाले वीस घरं असली तरी धरतात, आणि महाराष्ट्राचा १९७१ चा झोपडपट्टी कायदा आहे त्याखाली जी जाहीर झाली ती घोषित. म्हणजे नाल्याकडची ती तीस घरं एका सरकारी व्याख्येत बसतात, दुसऱ्या व्याख्येत नाहीत, आणि माणसं मात्र तिथंच बसलेली, तुरीच्या शेंगा सोलत. मॅडम म्हणाल्या घ्या त्यांना. घेतलं, पण ॲपमध्ये वस्तीच्या नावाच्या यादीत त्यांचं नावच नाही. आशाताई म्हणाल्या आम्ही त्याला नुसतं 'मागची लाइन' म्हणतोय. मी ९९ दाबलं आणि टाइप केलं, मागची लाइन. हा माझा पहिला ९९.

दुसरी भानगड उत्पन्नाची. प्रश्न अठरा, कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न किती. घरोघरी एकच उत्तर, साडेचार हजार, फार तर चार हजार आठशे. नवरा फौंड्रीत फेटलिंगला, बायको चार घरची धुणीभांडी, पोरगा गॅरेजला, तरी चार हजार आठशे. मला वाटलं लोक मला वेड्यात काढतायत. मग आशाताईंनी कानात सांगितलं की रेशनचं धान्य चालू राहायचं असेल तर शहरात वर्षाला एकोणसाठ हजारांच्या आत उत्पन्न दाखवावं लागतं. एकोणसाठ हजार भागिले बारा करून बघा. पाच हजाराला थोडे कमी. चार माणसांच्या घरात पाच हजारांत महिना काढून दाखवणारा मला एक भेटवा.

आणि याच्या बरोबर उलटं बुधवारी बघायला मिळालं. बुधवारी एकही दार उघडेना, आत टीव्हीचा आवाज येतोय पण कडी काढत नाहीत. नंतर कळलं, बुधवार हा बायकांच्या गटकर्जाचा हप्त्याचा वार आणि बॅग, बूट, टॅब घेऊन येणारा म्हणजे वसुलीवाला. माझा अवतार तसाच. एक मावशी ओळखीच्या झाल्या होत्या, चपलेच्या वेण्या करून द्यायच्या घरात बसून, त्यांनी गादीखालनं प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि दोन कागद दाखवले. रेशनच्या फॉर्मवर महिन्याला पाच हजारांच्या आत. कर्जाच्या फॉर्मवर बावीस हजार. कारण रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे की घराच्या सगळ्या कर्जांचा मिळून हप्ता महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, मग कर्ज बसवायला उत्पन्न फुगवायचं. नियम आहे चांगल्यासाठीच, पण आकडा लिहिणारा माणूस कोण तर कर्ज विकणारा. मावशी म्हणाल्या, "खरं कुठलं लिवायचं ते तुमीच सांगा. दोन्ही सरकारी कागदच हायत."

मी दोन्ही लिहिलं नाही. ९९ दाबलं.

त्याच मावशींचं अजून एक. व्यवसायाच्या रकान्यात त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं गृहिणी, मी तसं भरलं पण. नंतर त्या म्हणाल्या काय लिवलंय वाचून दाखवा. वाचलं. तर म्हणाल्या, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी वेण्या वळतो, बोटांना भेगा पडल्यात बघा, आणि मी गृहिणी व्हय? (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं बायका मी जातो, मी करतो असंच बोलतात, टायपिंगची चूक नाही.) फॉर्म सबमिट झालेला, ॲप काय परत उघडू देईना. मी त्यांच्यासमोर नवीन फॉर्म काढून सगळा परत भरला, पाऊण तास गेला, फॉर्ममागं पैसे असल्यामुळं दुसऱ्या फॉर्मचे मिळाले नाहीत ते वेगळं.

उत्पन्नाचा प्रश्न मॅडमनी मग उडवूनच टाकला. म्हणाल्या खर्च विचारा, तोही महिन्याचा नाही, काल काय आणलं ते विचारा. याला लोक बरोबर उत्तर देतात. अर्धा लिटर दूध, पाव किलो गोडं तेल सुट्टं, साखर, पोराला दवाखान्यात सलाइन, मोबाइलचा रिचार्ज, हप्ता. दारिद्र्यरेषा काढणारेपण खर्चच बघतात, तेंडुलकर समितीच्या हिशोबानं २०११-१२ ला शहरात माणशी महिना हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस, आणि २०१४ ला रंगराजन समितीनं ते चौदाशे सात केलं, दिवसाला सत्तेचाळीस. मी हे तालमीच्या कट्ट्यावर पोरांना सांगितलं तर एकजण म्हणाला, "म्हणजे अठ्ठेचाळीसावा रुपया आला की श्रीमंत? नाद खुळा." सुट्ट्या तेलाची गोष्ट मात्र माझ्या डोक्यात राहिली. रोज पाव पाव किलो घेणारं घर डबा घेणाऱ्या घरापेक्षा महिन्याला जास्त पैसे देतं, कारण डब्याचे पैसे एकरकमी कधी हातातच नसतात. आमच्या घरी पंधरा किलोचा डबा येतो. याच्या आधी मी कधी त्याकडं बघितलं नव्हतं.

फ्रिजवरनं तर मी स्वतः एका बाईला गरिबांच्या यादीतनं जवळजवळ काढलं होतं. घरात फ्रिज, वॉशिंग मशीन आणि दारात टू-व्हीलर. शहरी गरीब ओळखायला हाशिम समिती म्हणून होती, २०१२ चा अहवाल, त्यात असं होतं की फ्रिज, लँडलाइन फोन, वॉशिंग मशीन, टू-व्हीलर यातल्या कुठल्याही तीन वस्तू असल्या की घर आपोआप बाहेर, आणि धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, भीक मागणारी घरं आपोआप आत. आता ही बाई धुणीभांडी करणारी, म्हणजे आतपण आणि बाहेरपण. फ्रिज कामावरच्या मालकिणीनं नवीन घेतल्यावर दिलेला, त्यात ती पेप्सीकोला भरून पोरांना विकते. वॉशिंग मशीन बंद, त्यात ज्वारी ठेवलेली, झाकण घट्ट बसतंय म्हणून उंदीर जात नाहीत. गाडी दिराची. यादीत सगळ्यासमोर टिक करायला मला अर्धं मिनिट लागलं होतं.

जानेवारीत मॅडम परत आल्या. आमचे भरलेले फॉर्म चाळून त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुम्ही वस्तीत किती वाजता जाता? म्हणलं दहा, अकरा. मग म्हणाल्या, पाणी किती वाजता येतं? आम्ही चौघं गप्प. पाण्याचे सहा प्रश्न आम्ही शेकड्यानं विचारले होते, नळ आहे का, हो, दोनशे मीटरच्या आत आहे का, हो, रोज येतं का, हो. सगळं हिरवं. किती वाजता येतं हा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला गेलो, जानेवारीची थंडी, नाल्यावर धुकं आणि नळापाशी माणूस एक नाही. फक्त वस्तू ओळीनं. घागर, कळशी, रंगाचा रिकामा डबा, दांडी तुटलेली बादली, एका ठिकाणी नुसती वीट, एका ठिकाणी लहान पोराची एक चप्पल. ही वस्ती रात्रीच नंबर लावून झोपते. साडेचारला नळाला सूं आवाज आला आणि दोन मिनिटांत दारादारांतनं बायका बाहेर, कोण काही बोलत नाही, वस्तू उचलायची, भरायचं, जायचं. वरच्या अंगाच्या चार-पाच घरांनी मोटारी लावल्या तशी खालच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. सव्वापाचला पाणी बंद. शेवटच्या आठदहा वस्तू तशाच रिकाम्या, वीट पण त्यातच. वीट कुणाची होती विचारलं तर मागच्या लाइनीतल्या एका बाईची. ती राजारामपुरीत सकाळी सहाला पहिलं घर धरते. पाणी मिळालं नाही तर ती दुसऱ्या गल्लीतनं आणून मग जाते, पोचायला सात होतात, पहिल्या घरची मालकीण अर्धा खाडा धरते. महिन्यात असे सहा-सात दिवस. म्हणजे तिचा पाण्याचा प्रश्न हा पगाराचा प्रश्न होता आणि आमच्या फॉर्ममध्ये पाणी सेक्शन ब मध्ये आणि रोजगार सेक्शन ड मध्ये, दोघांची गाठच पडत नव्हती.

त्यानंतर मॅडमनी टॅब बाजूला ठेवायला लावला आणि चिंचोके आणायला सांगितले. मला वाटलं चेष्टा करतायत. लक्ष्मीपुरीतनं दोन किलो चिंचोके आणले. तर पद्धत अशी, जमिनीवर रांगोळीनं चित्रं काढायची, नळ, संडास, गटार, दिवा, दवाखाना, घर, काम, रस्ता, आणि प्रत्येकाला दहा चिंचोके द्यायचे, ज्याला जे जास्त गरजेचं वाटतं त्यावर जास्त ठेवायचे. लिहिता-वाचता यायची गरज नाही. रॉबर्ट चेंबर्स नावाच्या इंग्रज माणसानं ही लोकांकडनं नकाशे, क्रम काढून घ्यायची पद्धत जगभर नेली म्हणे, खेड्यापाड्यांतनं सुरू झालेली. आणि मोजणीच लोकांनी करायची हे तर आपल्या मुंबईतच झालंय, १९८५ ला भायखळ्याच्या बाजूला पदपथावर राहणाऱ्यांची गणना स्पार्क संस्थेनं त्याच लोकांना बरोबर घेऊन केली, महापालिका त्यांना उठवणार होती त्या काळात. मॅडमनी हे एका चहात सांगून टाकलं, आम्ही चहा पीत ऐकलं.

पुरुषांची बैठक तालमीत रविवारी. चाळीस जण आले, निम्मे बघायला. चिंचोके पडले रस्त्यावर, कामावर आणि एक चित्र त्यांनी वाढवून घेतलं, समाजमंदिराचा हॉल, त्यावर सगळ्यात मोठा ढीग. संडासावर मोजून सात चिंचोके. मी एकाला विचारलं तर म्हणाला, "संडास हाय की. धा वर्षं झाली बांधून."

बायकांची बैठक अंगणवाडीत, दुपारी तीनला, ती एकच वेळ त्यांना होती, दुपारची भांडी आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्या मधली. पहिला अर्धा तास कोण बोललंच नाही, सगळ्यांनी मुकाट नळावर चिंचोके ठेवले. मग एक म्हातारी उठली, रांगोळीचा डबा माझ्या हातातनं घेतला आणि चित्रांच्या शेजारी वाकून एक बाटली काढली. बुच वगैरे सगळं. आणि आपले दहाच्या दहा तिथं ठेवून जाऊन बसली. दोन मिनिटं शांतता. नंतर जे सुरू झालं ते मला आवरेना, बायका नळावरचे चिंचोके उचलून बाटलीवर टाकायला लागल्या, एक म्हणाली समाजमंदिर पाहिजे काय त्यास्नी, तिथं बसून प्यायला. ॲपमध्ये याला कोड कुठला? ९९.

दुसरा ढीग संडासावर. बायकांच्या बाजूला आठ सीट, त्यातल्या तीन बंद, दोनाला कडी नाही, आत दिवा नाही आणि रात्री दहाला देखभालवाला कुलूप लावून जातो. त्यामुळं पोरी आणि बायका संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाहीत. हे एवढं सरळ सांगितलं त्यांनी, आज उपास आहे म्हणल्यासारखं. पोटात दुखणं, लघवीची जळजळ, दवाखान्याचा खर्च, तो आमच्या 'काल काय खर्च झाला' मध्ये आलेलाच होता, आम्हाला जोड लागत नव्हती. एकीनं विचारलं घरात बांधायला बारा हजार अनुदान मिळतंय म्हणे, खरं काय? खरं आहे, पण दहा बाय बाराच्या तीन चुलींच्या खोलीत तो बांधायचा कुठं आणि ड्रेनेजची लाइन नसताना जोडायचा कशाला. हे मी तिला सांगितलं नाही, तिलाच माहीत होतं.

पोरांचापण एक नकाशा करून घेतला होता, रांगोळीनं सगळी वस्ती काढलेली. त्यात रस्ता, गटार धड नव्हतं पण कुठल्या कोपऱ्यावर कुत्री चावतात, कुठल्या कट्ट्यावर कोण शिव्या देतं, पतंग कुठं अडकतो, सगळं. आणि संडासाच्या वाटेवर एका मुलीनं काळ्या कोळशानं पट्टाच रंगवलेला. विचारलं हे काय. अंधार, म्हणाली.

पुराबद्दल वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस फुटांना इशारा पातळी, त्रेचाळीसला धोका, हे कोल्हापुरातल्या पोरासोरांना पाढ्यासारखं पाठ असतं, २०१९ ला ती पंचावन्न फुटांच्या पुढं गेली आणि २०२१ ला त्याच्याही वर. नदी फुगली की नाला उलटा भरतो आणि पाणी मागच्या लाइनीत पहिलं. घरातलं काय गेलं या प्रश्नाला मला टीव्ही, गाद्या, धान्य अशी उत्तरं अपेक्षित होती. लोक म्हणाले कागद. घरकुलासाठी, अतिक्रमण नियमित करून घ्यायला १ जानेवारी २०११ च्या आधीपासून इथं राहतोय याचा पुरावा मागतात, आणि तो पुरावा म्हणजे जुनं लाइटबिल, शाळेचा दाखला, मतदार यादीचं पान, ते सगळं भिंतीवरच्या पिशवीत होतं. एका घरात त्यांनी लगदा जपून ठेवलेला, वाळवलेला, पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी झालेली. पंतप्रधान आवासमधनं स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळतात, पण आधी जागा स्वतःची आहे हे कागदावर पाहिजे. मी त्या लगद्याचा फोटो काढून फॉर्मला जोडला. कोड तुम्हाला माहीतच आहे.

मुख्य वस्तीपासून थोडं पुढं एका मोकळ्या प्लॉटवर सात-आठ पालं होती. विजयपूर, कलबुर्गीकडची माणसं, सेंट्रिंग आणि खोदाईच्या कामाला आलेली, कन्नड बोलणारी. माझ्या आईचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळं मोडकं तोडकं कन्नड येतं, तेवढ्यावर पाच फॉर्म भरले. रेशन कार्ड गावाकडं, पोरं शाळेत नाहीत, पाणी बाजूच्या बांधकामावरचं. दोन तास गेले. रात्री सिंक करायला गेलो तर पाचही फॉर्म परत आले, वॉर्ड आणि घर क्रमांक असल्याशिवाय सर्व्हर घेत नाही. मी दोन दिवस खटपट केली आणि शेवटी घर क्रमांकाच्या जागी ९९ टाकलं. घेतले.

फेब्रुवारीत अहवालाचा पहिला खर्डा आला. रंगीत, गोल गोल तक्ते. पाण्याचा निळा, रोजगाराचा हिरवा, आणि प्रत्येक गोलात एक करड्या रंगाचा तुकडा, इतर. खाली बारीक अक्षरात, विश्लेषणातून वगळले. माझं डोकंच फिरलं. मी मॅडमना फोन लावला आणि जरा जास्तच बोललो, म्हणलं मॅडम बाटली गेली, वीट गेली, मागची लाइन गेली, तुम्ही आम्हाला पहाटे चारला कशाला पाठवलं मग. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या तू कोल्हापुरात आहेस ना, उद्या ये, बसू. तीन दिवस आम्ही दोघं आणि आशाताई बसलो, ९९ च्या खाली टाइप केलेली प्रत्येक ओळ वाचली, सारख्या सारख्या ओळी एकत्र केल्या आणि त्यांना नवीन कोड दिले. दारूला कोड मिळाला. संडासाच्या वेळेला आणि दिव्याला मिळाला. कागद भिजले याला मिळाला. पाण्यामुळं खाडा, याला पण. माझं स्पेलिंग वाईट आहे हे आशाताईंनी तीन दिवसांत तीस वेळा सांगितलं. अहवाल शेवटी गेला तो यासकट गेला, पुढं कुठल्या टेबलावर किती दिवस पडला ते मला विचारू नका, माझे शेवटचे पैसेच मे महिन्यात आले.

वस्तीत काय झालं म्हणाल तर दोन गोष्टी डोळ्यांनी बघितल्या. पोरांचा तो रांगोळीचा नकाशा तालमीसमोरच काढलेला, त्यातला काळा पट्टा मंडळाच्या पोरांनी दोन दिवस येता-जाता बघितला, आणि त्यांनी गणपतीच्या डेकोरेशनचे उरलेले दोन एलईडी फोकस काढून संडासाच्या वाटेवर तालमीच्याच मीटरवरनं लावून टाकले, कुणाला विचारलं नाही. आणि रात्रीची किल्ली आता बाटली काढणाऱ्या म्हातारीकडं असते, देखभालवाल्याला तिनं काय सांगितलं ते तिलाच माहीत. पाणी अजून साडेचारलाच येतं. हॉलचा बोर्ड लागलाय.

परवा त्या बाजूला कामानं गेलो होतो म्हणून जुना टॅबचा नकाशा मोबाइलवर उघडून बघितला, लॉगिन अजून चालू आहे माझं. पालांचे पाच ठिपके होते तिथंच आहेत. मोकळ्या प्लॉटवर पाच मजली इमारत झालीय, खाली पार्किंग. ठिपक्यांवर बोट ठेवलं की घर क्रमांक ९९, कुटुंबात माणसं सहा, आणि मी उभा होतो तिथं समोर एक पांढरी गाडी, कव्हर घातलेली. वॉचमननं विचारलं कोण पाहिजे. सेंट्रिंगवाले कुठं गेले विचारलं, तर म्हणाला, काम संपलं, गेले असतील दुसऱ्या साइटवर.